टेबलावरचा माईक

आमच्या भागात प्राध्यापकाला कार्यक्रमात नुसतं श्रोता म्हणून बसता येत नाही. नांदेड असो की लातूर, तुम्ही मागच्या दाराने येऊन शेवटच्या रांगेत खांबाआड बसलात तरी सूत्रसंचालन करणारा तुम्हाला हुडकून काढतोच. "आपल्यामध्ये सन्माननीय सर उपस्थित आहेत, मी त्यांना विनंती करतो की त्यांनी व्यासपीठावर यावं." मग तुम्ही हात हलवून नाही-नाही म्हणायचं, दोन पोरांनी येऊन दंडाला धरायचं, वर नेऊन बसवायचं, आणि आधीच दाटीवाटीने बसलेल्या मान्यवरांनी खुर्च्या सरकवून जागा करायची. आमच्याकडे कार्यक्रमांना श्रोते कमी पडतात ते यामुळेच. निम्मे वर बसलेले असतात.

ही पद्धत मला ठाऊक नव्हती असं नाही. तरी त्या दिवशी लातूरला मी लपून बसायला गेलो. का गेलो आणि लपायची वेळ का आली, हे सांगायचं तर स्वतःविषयी बोलावं लागेल, आणि त्याची मला सवय नाही. घरी माझं बोलणं 'हं' आणि 'बघू' या दोन शब्दांत भागतं. बायको शाळेत शिकवते. ती म्हणते, "तुमच्यापेक्षा आमच्या शाळेची घंटा जास्त बोलती."

मी लातूरचा. कॉलेजात असताना एका कार्यक्रमात माझ्याकडे आभारप्रदर्शन आलं होतं. आभार कुणाला देतात हे सगळ्यांना माहीत असतं. प्रास्ताविक हुशार पोराला, परिचय बऱ्या आवाजाच्या मुलीला, आणि जो उरला त्याला आभार. मी उठलो, माईकपाशी गेलो, "आज इथं" एवढं म्हणालो, आणि पुढचं सगळं पुसून गेलं. थोडा वेळ उभा राहिलो आणि जाऊन बसलो. लोकांना वाटलं, झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकं आटोपशीर आभारप्रदर्शन ऐकलं नाही, असं एक सर नंतर म्हणालेसुद्धा. त्यानंतर मी माईकच्या वाटेला गेलो नाही.

पुढे नांदेडच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायला लागलो. वर्गात माझं बरं चालतं. फळ्याकडे तोंड असतं. आमच्याकडे येणारी मुलं साधी. लोहा, नायगाव, कंधार अशा बाजूंची. ज्यांच्या घरी डॉक्टर-इंजिनिअरच्या क्लासचा विचार झाला आणि सोडून दिला गेला, किंवा झालाच नाही, अशी. त्यांच्यासाठी कॉलेजात विद्यार्थ्यांचं करिअर मंडळ काढायचं ठरलं. अध्यक्ष, सचिव, सहसचिव सगळे विद्यार्थीच. त्यांनीच पाहुणे बोलवायचे, मुलाखतीचे सराव घ्यायचे, शिबिरं भरवायची. त्यातून त्यांचं नेतृत्व घडावं, अशी कल्पना. मार्गदर्शक म्हणून प्राचार्यांनी मला नेमलं. कारणही सांगितलं. "तुम्ही बोलत नाही. म्हणजे कुणाशी भांडणार नाही."

पोरांचं नेतृत्व घडवण्याचं काम मी इतकं मनावर घेतलं की पोरांना काही करूच दिलं नाही. पाहुण्यांना फोन मी करणार. बॅनरवरची अक्षरं मी ठरवणार. अध्यक्षाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो मजकूर पडायचा, तो मी त्याला आधी पाठवलेला असायचा. एकदा तर त्याने माझी 'खालीलप्रमाणे टाक' ही सूचनाही तशीच्या तशी पुढे टाकली. आणि भाषणं. भाषणं सगळी मी लिहिणार. आता कळतं की एवढ्या वर्षांत तोंडात अडकून राहिलेलं मी त्या पोरांच्या तोंडून बोलून घेत होतो. स्वतः खाली बसायचं, आणि आपली वाक्यं दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायची. त्यात काय सुख असतं ते माझ्यासारख्या मुक्या माणसालाच कळेल. मी मागच्या खुर्चीवर बसून ओठ हलवायचो. पोरगं अडलं की हळूच पुढचा शब्द पुरवायचो. पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, 'सरांचा ब्लूटूथ'.

माझ्या सगळ्या भाषणांत एक सर्वांत गाजलेलं. "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि उद्याच्या भारताच्या शिल्पकारांनो! नेतृत्व हे आईच्या पोटातून घेऊन कुणी येत नसतं. ते मातीच्या गोळ्याला आकार द्यावा तसं घडवावं लागतं." पुढे कुंभार, चाक, भट्टी असं सगळं क्रमाने यायचं. हे भाषण मी ज्याच्यासाठी लिहिलं तो लोहा तालुक्यातला मुलगा. मंडळाचा त्या वर्षीचा अध्यक्ष. उंच, खणखणीत आवाज, आणि पाठांतर असं की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा. त्याने ते भाषण नांदेडात केलं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत केलं, बक्षीस आणलं. प्राचार्य म्हणाले, "याला म्हणतात लीडर." मी मान खाली घालून हसलो.

मग लातूरच्या एका कॉलेजात नोकरीच्या मुलाखती होत्या. आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलं तिथे आली होती. मी आमच्या मुलांना घेऊन गेलो होतो. मुलाखतीच्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती आणि मी तिच्याखालीच बाकावर बसलो होतो. आमच्या अध्यक्षाला आत बोलावलं. विचारलं, "स्वतःबद्दल थोडं सांगा."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता. आणि खणखणीत आवाजात सुरू झाला, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर..."

आत हसू फुटलं. वाईट नव्हे, पण हसूच. एक बाई मायेने म्हणाल्या, "बसून सांगा हो. तुमच्या घराबद्दल सांगा, गावाबद्दल सांगा. काय आवडतं ते सांगा." बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. आणि मग पुन्हा, आता जरा बारीक आवाजात, "सन्माननीय अध्यक्ष महोदय..." पाठ केलेल्याचं असंच असतं, ते मधून उचलता येत नाही. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मी ठेवलंच नव्हतं.

तो बाहेर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी तेव्हा जे बोललो ते आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "तू घाबरलास, पोरा. एवढी तयारी करून घेतली आणि घाबरलास."

तो म्हणाला, "हाव सर."

बस. त्याने ते कबूल करून टाकलं. पदवी झाल्यावर तो लोह्याला गेला, मंडप आणि साउंडचा धंदा टाकला. धंदा चांगला चालतो असं कानावर यायचं. मी दर आठवड्याला लातूरला जायचो; लोह्यावरून एसटी जाताना मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागलो.

तरी मी सुधारलो असं समजू नका. भाषणं लिहिणं चालूच राहिलं. फक्त 'मातीचा गोळा' पुन्हा कुणाला दिला नाही.

यंदाची अध्यक्षा लोह्याजवळच्याच एका गावची. अंगाने लहानखुरी, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघायची सवय. लातूरच्या एका कॉलेजातल्या करिअर मंडळाने आमच्या मंडळाला बोलावलं होतं. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा एकत्र कार्यक्रम. हॉल आणि साउंड ठरवायचं काम आमच्या मंडळाकडे. आमच्या अध्यक्षेने मंडळाच्या कामाविषयी बोलायचं आणि मग समोरच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी नेहमीप्रमाणे तिचं भाषण लिहून विभागात तयार ठेवलं. ती आली, कागद उचलले, न वाचता पुन्हा टेबलावर ठेवले.

"सर, राग धरू नका. हे मला नको."

"का? मोठं झालंय का? कमी करू."

"कमी न्हाई सर, नकोच. मी माझं बोलते."

"अगं, लातूरची पोरं आहेत. आडवेतिडवे प्रश्न विचारतात."

"म्हणूनच तर." मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत हाय, सर. तिथं तुम्ही न्हाईत. लातूरला माझ्या तोंडाने बोलता आलं तर तिथं बोलता येईल. न्हाई तर..." पुढचं तिने गिळलं. "आमच्या शेजारच्या गावातल्या दादाचं काय झालं ते मला माहीत हाय."

मी खाली बघून पेनाचं टोपण लावलं. ते लावलेलंच होतं.

"आणि सर, अजून एक. तुम्ही लातूरला येऊ नका."

"मी मार्गदर्शक आहे."

"हाव. पण तुम्ही मागं बसलात की माझं ध्यान तुमच्या ओठांकडं जातं."

मी "बघू" म्हणालो. बायकोने बरोबर ओळखलेलं आहे. माझ्या 'बघू'चा अर्थ कधीच 'हो' नसतो. कार्यक्रमाच्या दिवशी मुलं सकाळच्या बसने गेली आणि मी त्यांच्या मागच्या. लातूरला बहीण राहते, तिला भेटायला निघालोय असं मी घरी सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. बसस्थानकावर उतरून रिक्षावाल्याला मात्र कॉलेजचा पत्ता सांगितला.

सभागृहाच्या पायऱ्या चढत होतो आणि आतून लाउडस्पीकरवर आवाज आला.

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि उद्याच्या भारताच्या शिल्पकारांनो..."

मी पायरीवरच थांबलो. तोच खणखणीत आवाज, थोडा जाड झालेला.

"नेतृत्व हे आईच्या पोटातून घेऊन कुणी येत नसतं... अरे, डावा बॉक्स जरा वढ... ते मातीच्या गोळ्याला आकार द्यावा तसं घडवावं लागतं. हॅलो. हॅलो. हां, आता बरं येऊन राहिलं."

नंतर कळलं की अध्यक्षेनेच त्याला ठरवलं होतं. लातूरच्या सभागृहाला लोह्याचा साउंड कशाला, असं तिकडचे म्हणाले तेव्हा, आमचा माणूस माहितीतला आहे, असं सांगून तिने तो आणलाच. ग्रुपवर माझं लक्ष नव्हतं, म्हणून मला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर तिने त्या कामापुरता दुसरा ग्रुप काढला होता आणि मला त्यात घेतलंच नव्हतं.

परत फिरावं असं वाटलं. फिरलो नाही. मागच्या दाराने शिरलो आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसलो. लातूरचा सूत्रसंचालक वरून नजर फिरवून राहिला होता. मी खाली वाकून बूट बांधायला लागलो. माझ्या बुटांना नाडी नाही.

"आपल्यामध्ये नांदेडचे सर उपस्थित आहेत. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली हे मंडळ... सर, आपण खाली का बसलात? मी विनंती करतो..."

दोन पोरं आलीच. दंडाला धरून वर नेलं. खुर्च्या सरकल्या. आमच्या अध्यक्षेने माझ्याकडे असं पाहिलं की बसता बसता मी मोबाइल काढून बघू लागलो. मोबाइल बंद होता. शाल झाली, टाळ्या झाल्या. समोरच्या टेबलावर मान्यवरांसाठी बुटका माईक ठेवलेला होता, तो एका पाहुण्याने आधीच माझ्या बाजूला सरकवला होता. सभागृहाच्या कडेला, साउंड मिक्सरच्या बटनांमागे, माझा जुना अध्यक्ष उभा होता. पोट जरा सुटलेलं, कानामागे पेन. त्याने मला नमस्कार केला. मी केला की नाही, आठवत नाही.

ती बोलायला उठली. सुरुवात गडबडली; पाहुण्यांचा क्रम चुकला, कुणालातरी दोनदा सन्माननीय म्हणाली. पण मग गाडी लागली. मंडळाने भरवलेल्या मुलाखतीच्या सरावाविषयी सांगू लागली. परीक्षक म्हणून बोलावलेला बँकेतला माणूस आलाच नाही, तर त्यांनी कॉलेजच्या वॉचमनकाकांना खुर्चीवर बसवलं आणि काकांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठं लावली?" मुलं हसली. हे मी कधी लिहिलं नसतं. मला हे माहीतच नव्हतं.

प्रश्न सुरू झाले. सोपे होते. मग मधल्या रांगेतून चष्मा लावलेला एक मुलगा उठला. बोलण्याच्या ढंगावरून क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसणारा वाटत होता.

"ताई, तुमच्या मंडळात राहून तुम्हाला नोकरी लागली का?"

मागून कुणीतरी "वाह रे" म्हणालं. ती थांबली. माईक हातात, नजर समोरच्यांच्या खांद्यांपलीकडे. सभागृह शांत झालं. मला त्या शांततेची ओळख होती. खिडकीखालच्या बाकावर बसून ऐकली होती.

मी बोलणार नव्हतो. शपथ. पण ओठांना सवय होती. उत्तर तयार होतं, कितीतरी वर्षांपासून, कितीतरी पोरांना दिलेलं. मी जरासा पुढे झुकलो आणि तिच्या पाठीमागून हळूच, अगदी हळूच, शब्द पुरवले.

"नोकरी मागणारे नव्हे... नोकरी देणारे हात... घडवतो आम्ही..."

माझा आवाज सभागृहाच्या चारही बॉक्समधून आला. भरदार, स्वच्छ, थोडा घोगरा. टेबलावरचा माईक चालू होता.

मग एकदम हशा. शाल पांघरलेला मी, ओठ अजून हलताहेत, आणि समोर शेकडो पोरं हसताहेत. 'ब्लूटूथ!' असं आमच्याच मुलांपैकी कुणीतरी ओरडलं. ते सगळं मी सोसलं असतं. पण ती वळली आणि तिचा चेहरा मी पाहिला. पार उतरला होता. तिला ज्याची भीती होती ते मी भर सभेत करून दाखवलं होतं. आता ती पुढे काहीही बोलली तरी लोक म्हणणार, मागचा बोलतोय.

मिक्सरपाशी खट्ट झालं. टेबलावरच्या माईकचा लाल दिवा विझला. तिच्या हातातला माईक तेवढा चालू राहिला.

ती क्षणभर विझलेल्या दिव्याकडे बघत राहिली. मग मुलांकडे वळली, आणि यावेळी खांद्यांपलीकडे नाही, त्या चष्मेवाल्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"ऐकलं ना? हे आमचे सर. हे उत्तर त्यांचं हाय, आणि चांगलं हाय. पण खरं न्हाई."

हशा थांबला.

"नोकरी लागली न्हाई. अजून न्हाई. पुढच्या आठवड्यात मुलाखत हाय. तिथंबी लागंल का, सांगता येत न्हाई. तुम्ही विचारलं म्हणून सांगते, मंडळात मी काय शिकले. हा हॉल मिळवायला तुमच्या ऑफिसात मी फोन केला तर क्लार्क म्हणाले, सरांना बोलायला लावा. मी म्हटलं, मी अध्यक्ष हाय, माझ्याशीच बोला. त्यांनी ठेवला. मी पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा ठेवला." ती हसली. "शेवटाला ते बेजार झाले आणि म्हणाले, घे बाई तुझा हॉल. आमच्या सचिवाला मी कामावरून बोलले, तो आठ दिवस रुसला, त्याची समजूत काढली. तो बसलाय बघा. आणि आमच्या सरांना 'येऊ नका' म्हणून सांगितलं. ते काही जमलं न्हाई."

आता जो हशा झाला त्यात मीसुद्धा होतो. मला हसता येतं हे आमच्या मुलांना बहुधा त्या दिवशी कळलं.

"पण सांगितलं ना," ती म्हणाली. "तोंडावर सांगितलं. मागच्या वर्षी मला कुणाच्या तोंडावर 'न्हाई' म्हणता येत नव्हतं. याला नोकरी म्हणत न्हाईत, मला कळतंय. पण मुलाखतीला बसले की एवढं तरी माझं असेल."

चष्मेवाला मुलगा खाली बसला आणि टाळ्या वाजवू लागला. तो सुरू झाल्यावर बाकीचे.

कार्यक्रम संपत आला. आभार आमच्या सहसचिवाकडे होते. तो कागद घेऊन उठत होता तेवढ्यात ती त्याच्या कानाशी काही बोलली. सहसचिव आनंदाने खाली बसला. आभारातून सुटलेला माणूस कसा दिसतो ते मी ओळखतो.

"आता आभार," ती माईकवर म्हणाली, "आमचे सर मानतील. दोन मिनिटं."

मी हात हलवून नाही-नाही म्हणालो. ती माझ्याजवळ येऊन माईक पुढे धरून उभी राहिली. "या ना सर," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी मागं बसते. अडलात तर सांगेन."

उठलो. लातूरच होतं, सभागृह दुसरं. "आज इथं," मी म्हणालो, आणि पुढचं पुसून गेलं. तसंच, पहिल्यासारखं. पोरं वाट बघत होती. मागून कुणी शब्द पुरवला नाही. ती खरंच नुसती बसून होती, हाताची घडी घालून. मग मला मिक्सरपाशी तो दिसला. तो हसत नव्हता. माझ्या आवाजाचं बटन त्याने हळूच थोडं वर नेलं.

"ध्वनिव्यवस्थेचे आभार शेवटी मानतात," मी म्हणालो. "मी आधी मानतो. ते तिकडं उभे आहेत ना, ते माझे विद्यार्थी. आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या तोंडी मी माझं भाषण घातलं. मुलाखतीत तेवढंच त्यांना आठवलं. तेव्हा मी त्यांना म्हणालो, तू घाबरलास." मी माईक दुसऱ्या हातात घेतला. "घाबरलो मी होतो. आज त्यांनी माझा आवाज सगळ्यांना ऐकवला, आणि वेळेवर बंदही केला. दोन्हीबद्दल आभारी आहे. बाकीच्यांचेही आभार."

आणि जाऊन बसलो. चहापाण्याची व्यवस्था करणाऱ्यांना मी विसरलो, अध्यक्षांना विसरलो, ज्या कॉलेजने बोलावलं त्याला विसरलो. लातूरचे सूत्रसंचालक उठून सगळ्यांची नावं घेऊन गेले. आटोपशीर म्हणायचं तर पहिल्या खेपेइतकं नव्हतं.

लोक पांगल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो वायर गुंडाळत होता, कोपर आणि अंगठ्यामध्ये वेढे घेत. मी दुसरं टोक धरलं. कसं धरायचं ते मला येत नव्हतं, वेढे पिळले गेले.

"टेबलाचा माईक चालू कसा राहिला?" मी विचारलं.

"मीच ठेवला, सर."

"मुद्दाम?"

तो वायरीकडे बघत होता. "टेस्टिंग करून राहिलो होतो."

थोडा वेळ आम्ही वेढे घेत राहिलो. मग तो म्हणाला, "सर, एक सांगू? तुम्ही आज म्हणालात ते मला आधी म्हणायला पाहिजे होतं. त्या दिवशी नाही जमलं तर नाही, पण कधीतरी. लोह्यावरून दर आठवड्याला जाता. मी दुकानात बसून एसटी बघायचो."

"खिडकीत दिसत नव्हतो."

"पाठ दिसायची ना."

मी पिळलेला वेढा सोडवू लागलो. मग त्यालाच माझी कीव आली असावी. "भाषण वाईट नव्हतं सर तुमचं. लई चालतं. लग्नात, बारशात, कीर्तनाला, टेस्टिंगला मी तेच म्हणतो. लोक म्हणतात, साउंडवाला शिकलेला दिसतो."

"आता बंद कर बाबा ते."

"करतो. हॅलो हॅलोनंबी भागतं."

पुढच्या आठवड्यात अध्यक्षेची मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी ती विभागाच्या दारात येऊन उभी राहिली. मी वह्या तपासत होतो. ती वाट बघत होती. काय विचारलं, काय सांगितलंस, 'स्वतःबद्दल'ला सुरुवात कशी केलीस, हे सगळे प्रश्न माझ्या तोंडात रांगेने उभे होते. मी एक वही उलटली, दुसरी उघडली.

"सर, काहीच विचारत न्हाईत?"

"न्हाई."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग मी सांगतबी न्हाई." ती वळली, दोन पावलं गेली, आणि व्हरांड्यातूनच म्हणाली, "दुसऱ्या फेरीला बोलावलंय. एवढंच सांगते, पुढचं बघू."